कपातली साय

देवबागहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलीत त्यांचं घर. घरातल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. न्याहारी, जेवण, चहा-कॉफी सगळं त्याच बघतात. यजमानांना मधुमेह निघाला आहे. डॉक्टरांनी बजावलंय, वजन उतरवा, साखर आणि दुधातली साय कमी करा. पण यजमानांना एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, जायफळ घातलेली दाट दुधाची कॉफी मात्र दोन वेळा हवीच!

बाईंचे प्रश्न तीन आहेत. मुंबईच्या पाहुण्या बदामाच्या दुधाचा खोका ठेवून गेल्या, तो प्रकार आणावा का? मालवणच्या बाजारात क्रीमरचा डबा मिळतो. त्यात दूध नाही म्हणजे तो हलका, असं दुकानदार म्हणतो, ते खरं का? आणि दारात नारळ असताना हे सगळं विकत कशाला, नारळाचाच रस कॉफीत घातला तर? पत्राच्या शेवटी आपलंही वजन वाढल्याचं त्यांनी लिहिलं आहे, पण कंसात आणि एकाच ओळीत. त्या कंसाबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी कॉफीचा हिशेब मांडू.

कपाचा जमाखर्च

नुसत्या काळ्या कॉफीत उष्मांक जवळजवळ नसतातच. कप जड होतो तो दुधाने आणि साखरेने. आपल्या घरांतून कॉफी म्हणजे पाण्याचा थेंब नसलेली, सगळ्या दुधाची. एक कप १५० मिलीचा धरू या. फुल क्रीम दुधाचे त्यात सुमारे १३० उष्मांक, आणि दोन सपाट चमचे साखरेचे ४०. झाले १७०. असे दोन कप म्हणजे ३४०. मध्यम आकाराच्या, तूप न लावलेल्या एका पोळीचे साधारण १०० उष्मांक धरले, तर तीन पोळ्यांहून जास्तच की! जेवताना भाताचा चमचा मोजून वाढायचा आणि कॉफीतून तीन पोळ्या पिऊन टाकायच्या, असं हे गणित आहे.

आता दुधाचे प्रकार बघू. पिशवीवर बारीक अक्षरांत स्निग्धांश छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. १५० मिली दुधाचे उष्मांक साधारण असे पडतात:

फुल क्रीम (स्निग्धांश ६ टक्के): १३०
टोण्ड (३ टक्के): ८५ ते ९०
डबल टोण्ड (१.५ टक्के): ७०
स्किम्ड (अर्धा टक्का किंवा कमी): ५० ते ५५

घरच्या म्हशीचं निरसं दूध असेल, तर ते फुल क्रीमपेक्षाही जड असू शकतं.

पुष्कळजणींना वाटतं, टोण्ड म्हणजे पाणी घातलेलं, फसवणुकीचं दूध. तसं नाही. ही युक्ती आपल्याच मुंबईतली. आरे दूध वसाहत उभी करणारे दारा खुरोडी यांनी चाळीसच्या दशकात ती रूढ केली. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची. पाण्याने स्निग्धांश खाली येतो आणि भुकटीमुळे प्रथिनं, चुना भरून निघतो. शहरात दूध कमी आणि तोंडं फार, त्यातून निघालेली ही वाट. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर खुरोडींनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा टोण्ड किंवा डबल टोण्ड दूध आणलं म्हणून घरात कोणी नाक मुरडलं, तर त्यांना एवढं सांगायला हरकत नाही.

मधुमेहाच्या घरात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. साय गेली तरी दुधातली नैसर्गिक साखर जात नाही. १०० मिली दुधात ती सुमारे ५ ग्रॅम असतेच, मग दूध दाट असो की पातळ. म्हणून दूध हलकं झालं तरी कप मोजूनच द्यायचा.

साय काढायची, पण ठेवायची कुठे?

गावात म्हशीचा रतीब असेल, तर वेगळं दूध आणायची गरज नाही. दूध तापवा, निववा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी जाड साय अलगद काढा. पुन्हा तापवून, निववून दुसऱ्यांदा काढा. सगळा स्निग्धांश घरी निघत नाही, पण बराच भाग जातो. पिशवीच्या दुधाला हा उपाय तितकासा लागू पडत नाही. ते बहुधा यंत्रात असं घुसळलेलं असतं की स्निग्धाचे कण फुटून सगळीकडे सारखे पसरतात आणि साय नीट वर येत नाही. तिथे मुळात डबल टोण्ड आणणंच बरं.

आणि काढलेली साय? तिचं विरजण, लोणी, तूप हे ओघानंच आलं. घरचं तूप हवंच. पण कॉफीतून काढलेली साय दुपारी तूप होऊन त्याच ताटातल्या भातावर पडली, तर आपण काय साधलं? तूप पाहुण्यांच्या मोदकांना वापरा, लहान मुलांना वाढा. यजमानांचा आणि तुमचा चमचा मोजून ठेवा.

दारातला नारळ

नारळाचा रस घरचा, ताजा, बिनभेसळीचा. त्यात दुधाची साखर नाही. म्हणून तो हलका असेल असं वाटतं, पण हिशेब उलटा आहे. पहिल्या पिळण्याच्या जाड रसात १०० मिलीला २०० च्या वर उष्मांक असतात. म्हणजे कपभर रसाचे तीनशेच्या वर! म्हशीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक. शिवाय त्यातला स्निग्ध पदार्थ बहुतेक संपृक्त जातीचा. आणि प्रथिनं, चुना दुधाच्या मानाने नावालाच. दुसऱ्या-तिसऱ्या पिळण्याचा पातळ रस पुष्कळ हलका असतो, पण पाणी किती घातलं त्यावर तो ठरतो. त्याचा आकडा कोणी देऊ शकणार नाही.

मग नारळ सोडायचा का? मुळीच नाही. पाहुणे तुमच्याकडे येतात ते सोलकढीसाठी, शिरवाळ्या आणि गोड रसासाठी. रसाची जागा तीच. ज्या दिवशी जेवणात रस आहे, त्या दिवशी कॉफीत नको, एवढंच. कोणा पाहुण्याला दूध चालतच नसेल, तर काळ्या कॉफीत जाड रसाचा एक मोठा चमचा घाला. चव छान लागते आणि तीसेक उष्मांकांवर भागतं. मात्र रस घातल्यावर कॉफी उकळू नका. रस फुटतो आणि वर तेल तरंगतं. सोलकढी आपण चुलीवर चढवत नाही, त्यातलंच हे तत्त्व.

खोक्यातली दुधं

बदामाचं तयार दूध हलकं असतं हे खरं. बिनसाखरेचं असेल तर कपाला २० ते ४० उष्मांक. पण ते हलकं का, ते बघा. खोका उलटा करून घटकांची यादी वाचा. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव पाण्याचं असतं. बदाम बहुधा शेकडा दोन-पाचच. एका बदामाचे साधारण ७ उष्मांक असतात, तेव्हा हलकेपणा आला तो पाण्याचा. त्यात प्रथिनं फारच थोडी, आणि चुना वरून घातला असेल तरच. किंमत दुधाच्या कितीतरी पट. पाहुण्या सांगतील तर त्यांच्यापुरता एक खोका आणा आणि बिलात लावा. घरासाठी रोज आणायचं कारण नाही.

सोयाबीनचं दूध ह्या सगळ्यांत गायी-म्हशीच्या दुधाला जवळचं. बिनसाखरेच्या कपाला ५५ ते ६५ उष्मांक आणि प्रथिनं दुधाइतकीच. ते घरीही होतं. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा. चोळून सालं काढा. कढत पाणी घालून वाटा, म्हणजे उग्र वास कमी येतो. एकूण लीटरभर पाणी वापरून गाळा आणि गाळलेलं दूध ढवळत निदान दहा मिनिटं उकळा. ही उकळी चुकवायची नाही, कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं. उरलेला चोथा वड्यांच्या पिठात जिरतो. घरच्या ह्या दुधात चुना मात्र कमी, हे लक्षात असू द्या.

ओटचं दूध कॉफीत सर्वांत दाट लागतं, म्हणून शहरांतल्या कॉफीच्या दुकानांत त्याची चलती आहे. पण करताना ओटमधल्या पिष्टाची साखर होते. कपाला ६५ ते ९० उष्मांक, म्हणजे टोण्ड दुधाइतकेच. मधुमेह असलेल्या घरात ते नको.

ह्या सर्व खोक्यांवर ‘बिनसाखरेचं’ असा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते पाहा. चॉकलेटची, व्हॅनिलाची चव असलेली दुधं गोड केलेली असतात. आकडा १०० मिलीचा छापलाय की एका लहान पेल्याचा, तेही बघा. आणि ह्यांना ‘दूध’ म्हणायचं ते आपण सोयीसाठी. २०२१ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर दूध हा शब्द छापायला मनाई केली, कारण कायद्याच्या लेखी दूध जनावराचंच.

क्रीमरचा डबा

‘दूध नाही म्हणून हलकं’ हे दुकानदाराचं गणित इथे पार फसतं. क्रीमर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज सिरपची भुकटी आणि वनस्पती तेल, बहुधा घट्ट केलेलं. १०० ग्रॅमला ५०० च्या वर उष्मांक. चमचा लहान, सपाट आणि एकच असेल तर पंधराएक उष्मांकांवर निभावतं. पण एका चमच्याने कॉफीला रंगसुद्धा येत नाही. मग दुसरा, तिसरा, तोही शिगोशीग! शिवाय ग्लुकोज सिरप म्हणजे साखरच, नाव तेवढं वेगळं. यजमानांसाठी हा डबा नकोच.

वनस्पती तेलातल्या घातक ट्रान्स स्निग्धांवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट. तरीही घटकांत ‘हायड्रोजनेटेड’ शब्द दिसला तर डबा परत ठेवावा, हे माझं मत. आणखी एक खुबी. दूध नसलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ क्रीमरांत सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातल्याच प्रथिनापासून काढतात. कोणा पाहुण्याला दुधाची ॲलर्जी असेल, तर हा डबा त्यांच्या कपाजवळ आणू नका.

डेअरी व्हाइटनर त्याहून वेगळं. ती दुधाचीच भुकटी, पण बहुतेकांत साखर मिसळलेली असते. त्यामुळे आपण वरून साखर घालतो ती दुसऱ्यांदा. घ्यायचीच तर साधी स्किम्ड दुधाची भुकटी घ्या. एका मोठ्या सपाट चमच्याला तीसेक उष्मांक, प्रथिनं भरपूर, साखर वरून घातलेली नाही. पावसाळ्यात गाडी उशिरा आली, दूध मिळालं नाही, तर कामाला येते ती हीच. आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. समुद्राकाठच्या दमट हवेत भुकटीचे गोळे होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि चमचा कोरडा वापरा.

करून पाहा: दोन कप हलकी कॉफी

दीडशे मिली पाणी आणि दीडशे मिली डबल टोण्ड दूध एकत्र तापत ठेवा. दोन लहान चमचे स्किम्ड भुकटी थोड्या कोमट पाण्यात कालवून त्यात घाला. एक उकळी आली की गॅस बंद करा आणि मग इन्स्टंट कॉफी घाला. ती उकळली की कडू होते आणि मग साखर जास्त लागते. साखर कमी करणार असाल, तर कॉफीही नेहमीपेक्षा थोडी कमीच घाला. चिमूटभर जायफळ, हवी तर वेलची. त्यांच्या वासाने गोडीची उणीव कमी भासते. जायफळ माडाच्या सावलीत उत्तम येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाची त्याची जातही दिली आहे. पण घालायचं चिमूटभरच, जास्त जायफळ अंगावर येतं.

आता स्वच्छ रवी घ्या आणि कॉफी जोरात घुसळा. साय नसलेल्या दुधाचा फेस छान उभा राहतो, आणि फेस आला की तीच कॉफी दाट वाटते. सपाट चमचाभर साखरेसकट ह्या कपाचे ६५ उष्मांक, बिनसाखरेचा ४५. कुठे १७० आणि कुठे ६५!

सोयाचं किंवा बदामाचं दूध वापरत असाल, तर ते आधी कोमट करा आणि कपात अगोदर तेच ओता. उकळती कॉफी जरा निवू द्या, मग त्यावर हळूहळू घाला. थंड दूध कढत कॉफीत पडलं की नासल्यासारखं फुटतं. साखरेऐवजी गूळ घालून उष्मांक वाचत नाहीत, आणि दूधही फाटायची भीती. गोड गोळ्यांविषयी सांगायचं, तर वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर अवलंबून राहू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

बदल मात्र एका दिवसात करू नका. पहिला आठवडा निम्मं फुल क्रीम, निम्मं टोण्ड. पुढे नुसतं टोण्ड, मग डबल टोण्ड, आणि मग पाण्याचा भाग. साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी. नाहीतर पहिल्याच दिवशी सासूबाई कप खाली ठेवतील आणि विचारतील, “ह्यां दूध काय पाणी गो?” आणि सगळं पुन्हा पहिल्यावर येईल.

कोणासाठी हे नाही

दोन वर्षांखालच्या मुलांचं दूध पातळ करू नका; त्यांच्या वाढीला स्निग्धांश लागतो. बदामाचं नाहीतर ओटचं पाणी त्यांच्या दुधाच्या जागी तर कधीच नको. लोहाच्या गोळ्या चहा-कॉफी किंवा दुधाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाहीत. थायरॉईडची सकाळची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. कॉफी, मग ती कुठल्याही दुधाची असो, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानंतरच.

आता तो कंस

पत्रात यजमानांच्या साखरेचा पानभर तपशील आहे. त्यांचा कप वेगळा, दूध वेगळं, वेळ वेगळी. आणि बाई स्वतः? पाहुण्यांच्या किटलीत उरलेली कॉफी टाकवत नाही म्हणून ती त्यांच्या पोटात. यजमानांसाठी काढलेल्या सायीच्या पातेल्याची खरवड त्यांच्या पोटात. दुपारी जेवायला तीन वाजतात, तोवर भूक मारायला आणखी एक कप. हे त्यांनी तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. दिनक्रम म्हणून लिहिलंय. पण मोजून पाहिलं तर घरातलं सगळ्यांत जड दूध त्याच पितात, आणि तेही उभ्याउभ्या.

भगिनींनो, ही गोष्ट एकट्या देवबागची नाही. नवऱ्याचं पथ्य सांभाळणाऱ्या कितीजणींनी स्वतःची साखर, स्वतःचं वजन शेवटचं कधी पाहिलं असेल? घरात एकाला मधुमेह निघाला की स्वयंपाकघर सगळ्यांचंच बदलायला हवं. दोन पातेली तापवू नका. एकच डबल टोण्ड दूध आणा आणि तेच सगळी मोठी माणसं घेतील असं करा. उरलेल्या कॉफीचा हिशेब किटली भरतानाच करा. मागून घ्यायचे तर पाहुणे मागून घेतील. पातेल्याची खरवड मांजराला घाला. तिला डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नाही! आणि यजमानांची साखर तपासायला जाल, त्या दिवशी तुमचीही तपासून घ्या. सुई टोचायला दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. वजनाच्या भीतीने कपातलं दूध पार बंद केलंत, तर चुना कुठून मिळायचा? बाईच्या शरीराला रोज १००० मिलिग्रॅम चुना हवा, असं २०२० च्या राष्ट्रीय शिफारशी सांगतात. १०० मिली दुधातून, साय असो वा नसो, तो सुमारे १२० मिलिग्रॅम मिळतो. उरलेला नाचणीच्या भाकरीतून, दह्या-ताकातून, काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून. चाळिशीनंतर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा ह्या हिशेबाची आठवण होते आणि उशीर झालेला असतो. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणतात ना, चुन्याच्या बाबतीत ती खुशाल भागवा, ताक हलकंही आहे आणि गुणाचंही. बदामाच्या पाण्यावर मात्र ती भागत नाही.

तेव्हा बाजारात जाताना यादी छोटीच ठेवा: डबल टोण्ड दूध, स्किम्ड भुकटीचं एक पाकीट, दोन जायफळं. आणि एक लहान कप. कप लहान असला की हिशेब आपोआप निम्मा होतो, आणि भरून दिल्याचं समाधानही मिळतं. महिनाभर करून पाहा, आणि कुणाच्या घरी काय जमलं, काय जमलं नाही, ते अवश्य कळवा.